तिरप्या उजेडाचे चाचा

चाचा कुठलीही वस्तू सरळ धरून पाहत नसत. चहाचा कप असो, बाजारातून आणलेलं वांगं असो की कुणाचं आधार कार्ड, ते आधी खिडकीकडे करून तिरपं धरायचे, हळूहळू फिरवायचे आणि मगच त्याच्याबद्दल बोलायचे. त्यामुळे अहेरीत त्यांचं नाव तिरपे चाचा पडलं होतं. स्टुडिओच्या पाटीवर दुसरंच नाव होतं, पण त्या नावानं विचारत आलेल्या माणसाला शेजारचा पानवालाही परत पाठवायचा.

मी त्यांच्याकडे कंप्युटरवर बसायचे. पासपोर्टचे फोटो कापणं, लग्नाच्या अल्बमची पानं लावणं, नवरीचा रंग उजळ करणं ही माझी कामं. यातलं शेवटचं काम चाचांना अजिबात खपत नसे. मागून येऊन पडद्याकडे बघत म्हणायचे, "काऊन पुसून राह्यली तिचं तोंड? नाक कुठी गेलं पोरीचं?" मी म्हणायचे, चाचा, लोकांना असंच आवडतं. मग ते मान हलवत आपल्या नाण्यांकडे निघून जायचे.

नाण्यांचे फोटो काढणं हा त्यांचा खरा धंदा नव्हता, तो त्यांचा जीव होता. तरुणपणी त्यांनी मार्कंड्याच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे जोडप्यांचे फोटो काढले होते. माणसं हलतात, ऐनवेळी डोळे मिटतात आणि वर आपल्याशीच भांडतात, अशी त्यांची तक्रार होती. "नाणं गप पडून राह्यते. त्याले फक्त उजेड मागायचा असते," म्हणायचे. नाणी जमवणाऱ्या एका निवृत्त फॉरेस्टवाल्यानं त्यांना हा नाद लावला. मग चंद्रपूरहून, सिरोंच्याहून लोक डबीत कापूस घालून नाणी आणू लागले. चाचांनी निगेटिव्ह मोठं करायच्या जुन्या यंत्राचा खांब काढून त्यावर कॅमेरा उलटा, खाली तोंड करून बसवला होता. खाली काळा कागद, बाजूला दोन टेबललॅम्प आणि त्यांच्या तोंडावर बटरपेपर. मिठाईवाल्याकडून बटरपेपर आणताना ते तोही तिरपा धरून बघायचे.

त्या खांबावरचा कॅमेरा बिघडला तेव्हा नवा घ्यायला आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो. दुकानदार एकेक मोठा कॅमेरा काढून त्याचे गुण सांगत होता. चाचांनी खिशातून एक जुना रुपया काढून काउंटरच्या काचेवर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमची ट्यूबलाइट बंद करता का जरा?" भर दुपारी, गिऱ्हाईक असताना. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मोबाईलनं का काढत नाही, असं त्यानं विचारल्यावर चाचांनी त्यालाच खाली वाकवलं. "मोबाईल लय जवळ न्यावा लागते. मंग त्याचीच सावली नाण्यावर पडते. दुरून पाह्यणारी काच पायजे, म्हंजे मधात उजेडाले जागा राह्यते." शेवटी कॅमेरा घेतला तो कुणीतरी वापरून विकलेला, आणि उरलेले सगळे पैसे लेन्समध्ये घातले. मी हट्टानं एक गोल रिंगलाइट घ्यायला लावला. त्याच्या उजेडात रुपया पापडासारखा सपाट दिसला. दुसऱ्या दिवसापासून तो लाइट लग्नाच्या मुलींच्या फोटोंना लागला, आणि मुली खूश होत्या.

एक अडचण मात्र कुठल्याच दुकानात सुटणारी नव्हती. स्टुडिओ मुख्य रस्त्यावर होता आणि सूरजागडच्या बाजूनं खनिजाचे ट्रक येत. ट्रक आला की फरशी थरथरायची, खांब थरथरायचा आणि फोटोत नाण्यावरच्या राजाला दोन नाकं यायची. चाचा बटणावर बोट ठेवून थांबायचे. "ट्रक जाऊ दे," म्हणायचे. एकामागोमाग एक आले तर तसेच थांबायचे, वैताग नाही, शिवी नाही. पुढे पुढे हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं की कुठल्याही गोष्टीला तेच. कुणी गिऱ्हाईक अंगावर आलं, ट्रक जाऊ दे. घरात मुलाशी वाजलं, ट्रक जाऊ दे. मी त्यांच्या चहात साखर विसरले तरी तेच.

माझी आई गेली ती एटापल्लीच्या पलीकडे, आमच्या गावी. मी गेले, करायचं ते सगळं केलं, आणि परत येऊन कामावर बसले. मला रडू आलं नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं. कुणी काही विचारलं की मी बरोबर उत्तर द्यायचे. एकदा चाचांना मी सांगून टाकलं की मला रडू येत नाही, माझ्यात काहीतरी खोट असेल. त्यांनी माझ्याकडे जरा तिरपी मान करून पाहिलं. "येईन रडू बाई. ट्रक जाऊ दे पहिले," म्हणाले आणि लेन्स पुसत बसले.

आईची रुपयांची माळ होती. जुने चांदीचे रुपये, कडी लावून ओवलेले. विचार करताना त्यातल्या एका रुपयावर अंगठा घासत बसायची तिची सवय होती. बाकी माळ काळी पडली होती, तो एकच रुपया लखलखायचा. आईच्या दिवसकार्याला माळ उसवून आम्हा भावंडांत वाटायची ठरली. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. उसवायच्या आधी अख्ख्या माळेचा फोटो, आणि वाटणीत तो आईचा रुपया. कार्याच्या आदल्या दिवशी वहिनी माळ घेऊन स्टुडिओत आली. फोटो म्हणजे आमच्याकडे आधी आंघोळ, तेल, पावडर. वहिनीनं माळेलाही तोच नियम लावला होता. चिंच आणि राख लावून रात्रभर घासली होती बिचारीनं. सगळे रुपये एकसारखे चमकत होते. आईचा कोणता, ते ओळखायला काही उरलं नव्हतं.

मी एकेका रुपयावर अंगठा फिरवून पाहिला. सगळेच वापरून गुळगुळीत झालेले, माझ्या अंगठ्याला सारखेच लागले. वहिनीचा चेहरा पडला. म्हणाली, "फोटोत घान दिसन म्हनून घासली मी. आता काय करू?" मला तिचा रागही आला नाही, काहीच आलं नाही. चाचांनी तिला खुर्ची दिली. "चांगलं केलं बाई तुमी. मेहनत दिसते," म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच बोलले, "चिंचेनं काळं गेलं. मायनं घासलेलं कुठी जाते?"

माळ काळ्या कागदावर मांडली. घासलेली चांदी आरशासारखी, कुठल्याही बाजूनं दिवा लावला तरी डोळ्यांवर येत होती. चाचांनी एक दिवा बंद केला. दुसऱ्यावर बटरपेपरचा आणखी एक पदर चढवला आणि तो इतका खाली आणला की उजेड टेबलावरून सरपटत यायला लागला. कॅमेऱ्याच्या खालीही त्यांनी काळा पुठ्ठा लावला, लेन्सपुरतं भोक ठेवून. मग माळ थोडी थोडी फिरवू लागले. राजाचे चेहरे एकेक करून वर आले, नाक, कान, दाढी. एका रुपयावर काहीच वर आलं नाही. त्याच्या मधोमध एक उथळ खोलगट भाग होता आणि त्याच्या काठाला नखाएवढी सावली पडली होती. चाचांनी बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. वहिनी खाली वाकली आणि म्हणाली, "मामीचा अंगठा." आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. ती रडायला लागली. बाहेर ट्रक येत होता. चाचांचं बोट बटणावर थांबलं. ट्रक गेला, मग त्यांनी फोटो काढला.

वाटणीत तो रुपया मी मागून घेतला. कुणी हरकत घेतली नाही.

चाचा यंदा उन्हाळ्यात गेले, दुपारच्या झोपेत. त्यांच्या मुलानं स्टुडिओ उघडा ठेवायला सांगितला होता, लोक येऊन बसतील म्हणून. त्या दिवशीही मी कोरडीच होते. पाणी भरून ठेवलं, खुर्च्या लावल्या, कुणाला कुठं बसायचं ते सांगितलं. कब्रस्तानाकडे जनाजा निघाला तेव्हा मी पायरीवर उभी होते. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी पुढच्या खांदेकऱ्यांनी पाय थांबवले. समोरून ट्रकांची रांग येत होती. त्यांच्या मुलानं मागच्यांना हात दाखवला आणि म्हणाला, "थांबा, ट्रक जाऊ द्या."

सगळे कडेला उभे राहिले. पायरी माझ्या पायाखाली थरथरत होती. ट्रक गेले, धूळ बसली आणि लोक चाचांना घेऊन रस्त्यापलीकडे गेले. मी आत आले, आईचा रुपया काढला आणि खिडकीकडे तिरपा धरला. मग मला रडू आलं. आधी आईसाठी, मग चाचांसाठी, आणि बराच वेळ थांबलं नाही.