रांग नसलेली बेकरी

आमच्या जेटीजवळच्या बेकरीत रांग लावू देत नाहीत. दोन माणसं एकामागे एक उभी राहिली, की बेकरीवाले चाचा पिठाच्या हातांनीच बाहेर येतात. "रांग नको हां, बाकावर बसा. कोण कुणामागून आलं, माझ्या ध्यानात आहे." घाईत असलो की मला वैताग येतो, पण ते कधी चुकत नाहीत.

तरुणपणी ते आखातातल्या एका शहरात नोकरीला असताना परक्या लष्कराने ते शहर घेतलं. सैनिकांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हातात काठी दिली आणि पावाच्या रांगेवर उभं केलं. "नाही म्हणायची सोय नव्हती," ते एकदा म्हणाले. "ओळखीच्या बायकांनापण काठीने मागे सारलं."

यंदा ईदच्या आधी गर्दी आवरायला होमगार्डमधली एक मुलगी आली आणि काठी आपटत रांग लावू लागली. चाचा बाहेर आले. त्यांनी तिच्या एका हातात चहा दिला, दुसऱ्या हातात नानखटाईची बशी. काठी तिला भिंतीला टेकवावीच लागली.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा काठी भिंतीलाच होती. ती मुलगी एका म्हातारीला सांगत होती, "बसा हो मावशी. तुम्ही त्या निळ्या शर्टवाल्यांच्या मागून. माझ्या ध्यानात आहे."