पॅटिओ म्हणे!

धम्मपाल त्याला पॅटिओ म्हणायचा. पॅटिओ! भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या रो-हाउसच्या मागची दहा बाय बाराची जागा, तिच्यावर सिमेंटचा कोबा करायचा, एवढंच ते काम. पण बँकेत साहेब झालेल्या माणसाच्या तोंडात कोबा हा शब्द मावेना. त्याच्या आईला, वैजयंताला, त्या पॅटिओचं आधी हसू यायचं आणि मग तिडीक.

कारण कोबा म्हणजे काय हे वैजयंताला कुणी सांगायची गरज नव्हती. नांदेडहून ती नवऱ्याबरोबर इकडे आली तेव्हा भाईंदरला निम्मं मिठागर होतं. नवरा दोन वर्षांत गेला. मग तिनं बावीस वर्षं सकाळी नाक्यावर उभं राहून काम धरलं. खडी, रेती, सिमेंट, घमेलं डोक्यावर आणि शिडी पायाखाली. मीरा रोडला पूनम सागरकडचे किती स्लॅब तिनं भरले, तिला आठवतही नाहीत. त्यातच पोराला शिकवलं. आणि ते पोर कोबा करायच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे बसून काय म्हणालं?

"आई, उद्या रश्मीचे पप्पा येणारेत. बांधकामाचं काही बोलू नकोस हं. मी त्यांना सांगितलंय की तू गावाकडे शेती बघायचीस."

शेती! ज्यांच्या सात पिढ्यांना बांधावर उभं राहू दिलं नाही, त्यांची म्हणे शेती. पण पोराचा चेहरा पडलेला बघून ती म्हणाली, "न्हाई बोलत." शब्द दिला म्हणजे दिला.

रविवारी दहाला बंटी ठेकेदार आला. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून धम्मपालनं त्याला ठरवलं होतं. डोळ्यावर गॉगल, पायात पांढरे बूट. पांढरे! ज्याला माल भरायचाय तो माणूस पांढरे बूट घालून येतो, तिथंच वैजयंतानं त्याला ओळखलं. व्याही ज्ञानदेवराव जयभीम करून खुर्चीवर बसले, धम्मपाल कडक इस्त्रीच्या शर्टात त्यांच्या शेजारी. सुनेनं, रश्मीनं, चहा आणला.

बंटीच्या माणसांनी जागेवर निळं प्लास्टिक अंथरलं आणि मिक्सर चालू केला. बस, झाली तयारी. वैजयंता सहज चालत कडेला गेली आणि प्लास्टिकवर टाच दाबली. टाच आत गेली. खाली खाडीचा भराव, कच्चा, ठोकलेला नाही की दगडाचा थर, सोलिंग म्हणतात तो, नाही. पहिल्या पावसाळ्यात कोबा मधोमध बसणार आणि पाणी थेट घरात येणार.

"आजी, आप अंदर बैठो ना, धूल लगेगी," बंटी म्हणाला. मग धम्मपालकडे वळून, "सर, एकदम फॉरेन फिनिश देतो."

"व्हेरी गुड," धम्मपाल म्हणाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! वैजयंतानं ओठ घट्ट मिटले. शब्द दिला होता ना!

मग बंटीच्या माणसानं मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडला तो काढेचना. माल पातळ केला की पसरायला मेहनत नाही, ही कामचुकाराची सगळ्यात जुनी युक्ती. पहिलं घमेलं ओतलं तेव्हा ते काँक्रीट कसलं, ताक वाहिलं ताक. तेव्हा मात्र तिचा संयम सुटला. हे घर तिच्या लेकराचं होतं. पोराची लाज राखायची म्हणून पोराचं घर बुडवायचं का?

तिनं पदर खोचला, घमेल्यात हात घातला आणि मूठ भरून बंटीच्या नाकासमोर आवळली. बोटांतून पाणी गळून त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडलं.

"ये क्या है? माल है के लस्सी? सोलिंग किधर है? भराव ठोका क्या तूने?"

"आजी, आपको क्या मालूम…"

"मेरे को क्या मालूम? बावीस साल घमेला उठाया मैंने. मीरा रोड के आधे बिल्डिंगां मेरे सिर के ऊपर से चढ़े हैं. तू गॉगल निकाल के बात कर."

बंटीनं खरंच गॉगल काढला. मिक्सर बंद झाला. ज्ञानदेवरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जावयाकडे पाहिलं.

धम्मपाल लालबुंद. "पप्पा, म्हणजे… आई साइटवर सुपरवायझर होती."

आता सांगा! ठेकेदार निदान सिमेंटमध्ये पाणी घालत होता. हा आईच्या कष्टांतच पाणी मिसळायला निघाला.

"सुपरवायझर न्हवते रे," वैजयंता म्हणाली. "बिगारी होते. आन् तू सिमेंटच्या गोणीच्या झोळीत झोपायचास, सातव्या माळ्याखाली. रश्मीला समदं ठाव हाय. मीच सांगितलंय."

रश्मीनं मान हलवली. "मला लग्नाआधीच कळलं होतं, पप्पा. हेच तुमच्यापासून लपवत बसले."

वैजयंतानं बंटीला दगड आणायला पिटाळलं. प्लास्टिक ओढून काढलं. टेम्पोत जमीन ठोकायचा लोखंडी धुमस नुसता शोभेला पडला होता, तो तिनं फरफटत आणला आणि लेकाच्या हातात दिला.

"काय बघायलास? ठोक."

"मी?"

"मग काय व्याही ठोकतील?"

सासऱ्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. पंधरा-वीस ठोके झाले आणि धम्मपाल थांबून तळहात बघू लागला.

"आई, फोड आलाय."

वैजयंतानं त्याचा हात धरून उन्हात वळवला, नीट पाहिला.

"आला? आता कुठं माझा वाटायलास. ठोक, अजून अर्धी जागा राह्यलीया."