इंजिनाची सुट्टी

नावडे गावातली बंद भातगिरणी पाडून टॉवर बांधा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मालक काका ऐकतील तर शपथ! भिंती, कौलं तशीच ठेवून त्यांनी आत कॅफे काढला. स्वतः कॉफी पीत नाहीत. रोज येतात, बैलाच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारतात आणि तिथे रोज काम करत बसणाऱ्या माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावतात.

दसऱ्याला कॅफे गच्च भरलेला. काका झेंडूचा हार, नारळ घेऊन आले आणि जुन्या इंजिनाच्या जागी बसवलेल्या कॉफी मशीनची पूजा करून त्यांनी बटणच बंद केलं.

"काका, आज तर खरा धंदा!" मी म्हणालो.

"पूजेला बसवलेल्याला कोन कामाला जुंपतं, बाला? आज त्याला सुट्टी हाय."

कॉफीच्या रांगेत काका खोबरं वाटत फिरले.