भांडणाआधीची विचारपूस

सिंगापूर बंदरात जहाजांना भाजीपाला, तांदूळ, मासे पुरवण्याच्या धंद्यात मला कुणी बोट धरून आणलं नाही. इंजिनरूममधून उतरलो आणि व्यापाऱ्यांशी भांडत शिकलो. आपला भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घेऊन माझा भागीदार परस्पर वेगळा झाला, तेव्हाही मी हेच केलं. आधी तो बोलेल, म्हटलं. तो बोलला नाही. वर्षं गेली. आमच्या बायका जिवलग मैत्रिणी, त्यांचंही येणंजाणं तुटलं.

मग कळलं की तो रविवारच्या विमानाने कायमचा पुण्याला चाललाय.

"मला तिला एकदा भेटायचंय," बायको म्हणाली.

"जा की. मी धरून ठेवलंय का?"

"तुम्ही आल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

शनिवारी मुलीने आम्हा दोघांना तांजोंग पगारला नेलं. एका जुन्या दुकानाच्या माडीवर तिच्या ओळखीची मंडळी आफ्रिकेतले सिनेमे दाखवतात. गोष्ट साधी होती. गाईवरून वैर धरलेला एक माणूस काठी घेऊन शेजाऱ्याच्या दारात येतो. पण तिथे विचारपूस झाल्याशिवाय भांडताही येत नाही. झोप लागली का? तुला लागली असेल तर मलाही लागली. पोरं बरी आहेत का? शेळ्या?

"मुद्द्यावर ये म्हणावं त्याला," मी पुटपुटलो.

"बाबा, गप्प बस ना, ला!" मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली.

काठीवाल्याने शेजाऱ्याच्या आईचं विचारलं आणि तो बोलेचना. ती वारली होती. वैरापायी याला कुणी कळवलंच नव्हतं. त्याने काठी भिंतीला टेकवली. गाईचा निकाल सिनेमा संपेपर्यंत लागला नाही.

नंतर हॉकर सेंटरमधल्या एका स्टॉलवर कॉफी घेताना मुलगी समजावू लागली. याला उबुंटू म्हणतात. आपलं माणूसपण एकट्याचं नसतं, ते समोरच्यात अडकलेलं असतं.

"तोट्याचा सौदा आहे," मी म्हणालो. "आपली झोप दुसऱ्याच्या हातात द्यायची?"

"तुम्हाला कुठे लागते झोप?" बायको म्हणाली.

आवाज चढवायला तोंड उघडलं, पण अंगात जोर नव्हता. रागही रोज सांभाळावा लागतो, आणि ते काम मी एकटाच करत होतो. कप बाजूला सारला आणि म्हणालो, "चला, यिशुनला, त्याच्या घरी."

ट्रेनमध्ये त्याला काय काय सुनवायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. दार त्यानेच उघडलं. माझ्यासारखाच वयाने उतरला होता. बायको चपला काढून सरळ आत गेली. आम्ही दोघे उंबऱ्यातच.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"ऐकू येत नाही तिला. फोनवर गळा फाडावा लागतो. म्हणून तर चाललोय रे." मग मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "तुझा आवाज असता तर फोनवर भागलं असतं."

"नेतोस का आवाज? सामानात टाक."

तो हसला नाही, पण दारातून बाजूला झाला.

घरभर खोकी. काही बांधलेली, काही उघडी. सामान नेणाऱ्याने म्हणे ऐनवेळी भाव वाढवला होता आणि हा मुकाट्याने कबूल झाला होता. त्या गिऱ्हाईकाचा विषय मला काढायचा होता. त्याने केलं ते चूकच होतं, आजही मी तेच म्हणेन. पण स्वयंपाकघरात दोघी एकाच वेळी बोलत होत्या, ऐकत कुणीच नव्हतं, आणि मी फार थकलो होतो.

"कबूल कशाला झालास?" मी ओरडलो. "वेडा आहेस का? त्या सामानवाल्याचा नंबर लाव. फोन इकडे दे."