डब्यातली अनाउन्समेंट

ऑपरेशननंतर बाबांना बोलता येणार नाही, असं घशाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशन मंगळवारी होतं. हातात एक रविवार उरलेला, आणि तो मी माझ्या मॉडेल ट्रेनच्या एका डब्यामागे घालवला. खेळणं म्हटलेलं मला खपत नाही, बायकोला शंभर वेळा सुनावलंय. आता कुठल्या तोंडाने सुनावू?

बाबा वर्षानुवर्षं कल्याण स्टेशनवर अनाउन्सर होते. सगळ्या प्लॅटफॉर्मना ऐकू जाणारा माणूस घरात मात्र घुम्या. मला शाबासकी द्यायची तरी आईकरवी. आई गेल्यावर तीही सोय संपली.

माझा निळा डबा वीतभर लांब. आत दिवे, आवाजाची चिप आणि नाण्याएवढा स्पीकर. वीज चाकांतून येते, रुळावर जरा धूळ असली की आवाज तुटतो. ते नीट करण्यात दोन महिने गेलेले. म्हटलं, यात बाबांच्या घोषणा घालू. निदान आवाज तरी घरात राहील.

रविवारी डोंबिवलीच्या घरी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, बाबांसमोर माईक ठेवला. त्यांचा आवाज आधीच बसलेला. रेकॉर्डिंग चालू केलं आणि वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. रविवारी भिंती फोडायचं व्रतच घेतलंय आमच्या बिल्डिंगने. रेकॉर्डिंग बंद न करता तसाच वर गेलो. ड्रिल लगेच थांबलं, पण मी कुठला थांबतोय? पंधरा मिनिटं भांडलो. खाली आलो तर बाबा माईककडे बघत बसलेले. डोळे लाल दिसले. मला वाटलं, औषधामुळे असतील.

"घे आता तुझ्या घोषणा," म्हणाले. तीन घोषणा त्यांनी एका दमात दिल्या.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर फाइल उघडली. आवाजाच्या आलेखात सुरुवातीला नुसत्या बारीक रेघा, शेवटी तीन घोषणांचे तीन उंचवटे. चिपमध्ये जागा मोजकी असते, म्हणून आम्ही छंदवाले आधी डोळ्यांनी कचरा काढतो आणि मग कानांनी ऐकतो. बारीक रेघा म्हणजे वरची खडखड, असं समजून मी त्या न ऐकता कापल्या आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नवव्या दिवशी बाबांनी वहीत लिहिलं, "ऐकलंस का?" मी हौसेने डबा आणि हातभर रूळ हॉस्पिटलात नेलेला. बटण दाबलं. तिन्ही घोषणा खणखणीत वाजल्या, शेजारच्या पेशंटने मान वळवून पाहिलं. बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि लिहिलं, "त्याच्या आधीचं. तू वर गेलेलास तेव्हा बोललो. तोंडावर जमत नाही."

डबा आवरायचा बहाणा करून निघालो, घरून कॉम्प्युटर उचलला, स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे नेला. हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. त्याने तासभर खटपट केली. "साहेब, त्याच फाइलवर सेव्ह केलंय तुम्ही. काही उरलं नाही." मी त्याच्या स्टुलावर बसून ढसाढसा रडलो. माझ्या बापाचं आयुष्यातलं एकुलतं एक मनातलं बोलणं, आणि मी शहाण्याने ते कचरा म्हणून फेकलं.

खरं सांगून टाकायचं ठरवून दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणणार होतो, बाबा, चुकलो, परत लिहून द्या. पण ते दाराकडेच डोळे लावून बसलेले. वही तयार होती. "ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

तोंडातून निघून गेलं. त्यांनी पेन घेतलं. दोन शब्द लिहायला बराच वेळ लागला.

"माफ केलंस?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. कशाबद्दल माफ केलं, ते मला अजून माहीत नाही.