विन्याच्या टायरमधली हवा

त्या सकाळी मी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढत होतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि सेक्रेटरी काका खाली सायकल ठेवू देत नाहीत, त्यामुळे माझी सायकल कायम चौथ्या मजल्यावर, घरात. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर विन्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. दार सताड उघडं, आत कोणीतरी रडत होतं. कळायचं ते कळलं... आठ महिने अंथरुणावर होता, डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. अशा वेळी पायाखालची जमीन सरकली वगैरे लिहितात. माझ्या मनात आधी काय आलं ते खरं सांगतो. त्या चपला बघून मला वाटलं, मी गेलो तर एवढ्या येतील का? असा माणूस आता विन्याबद्दल लिहिणार आहे.

विनायक माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. माझे पोस्टात. दोघांत पहिली सायकल माझी, आणि सीट धरून त्याच्यामागे धावत मी त्याला ती शिकवली. हे छापून यायलाच हवं, कारण आजवर कुठेच आलेलं नाही. पुढे मी बँकेत चिकटलो, तो कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला, पण पोटं सुटली तरी रविवारची सायकल सुटली नाही. सायक्लोक्रॉसचं खूळसुद्धा माझंच. मोबाईलवर एकदा दिसलं... युरोपातली हाडं गोठवणारी थंडी, गुडघाभर चिखल, माणसं सायकलवरून उड्या मारून उतरतात, ती खांद्यावर टाकून चढण पळत चढतात, पुन्हा बसून सुटतात. मी वेडाच झालो. विन्याला दाखवलं तर म्हणाला, "अरे, हे तर आपण रोज करतो! जिन्यात!" मग पावसाळ्यात भांडुपच्या मिठागरांकडच्या चिखलात आम्ही दोघांनी तेच सुरू केलं. घरी आल्यावर जिन्याची शर्यत. तो दुसऱ्यापर्यंत पळायचा, मी चौथ्यापर्यंत. तरी दुसऱ्यापर्यंत पुढे मीच असायचो, लिहून ठेवा.

आणि एका वर्षी त्याच्या कंपनीने त्याला हिवाळ्याचे पाच महिने कुठे पाठवावं? बेल्जियमला. जिथे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात या शर्यती असतात, अगदी आमच्या वयाच्या हौशी लोकांच्यासुद्धा. पेढे घेऊन वर आला. "पक्या, सगळ्या रविवारी धावणार बघ मी. अख्खा सीझन!" मी म्हटलं, झकास. मिठी मारली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. त्याने हा खेळ मागितला नव्हता, शोधला नव्हता, त्याला तो ऑफिसने पगारासकट दिला होता. त्याच्या आईने तर माझ्या जखमेवर मीठच चोळलं. जिन्यात गाठून म्हणाली, "तेका सायकल तूच शिकयलंस मां? मगे तू कित्याक नाय गेलंस रे?" काय सांगणार म्हातारीला? पोटात दुखतंय म्हणून?

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्याकडे निघण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबायचा. अंगठा जरा जरी आत गेला तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन दगडासारखा टणक भरून घ्यायचा. रस्त्यावर काचा, खिळे, खड्डे... हवा कमी म्हणजे वाट लागली. हीच आमची सवय. पण चिखलाच्या शर्यतीत उलटं असतं. तिथे टायर मऊ लागतो, अंगठा आत जायला हवा, तरच तो चिखल धरतो. टणक टायर सटकतो. हे मी ढीगभर व्हिडिओ बघून शिकलो होतो, आणि विन्याला सांगायचं राहून गेलं होतं. मिठागरांत आम्ही हळू चालवायचो, पडलो तरी हसायचो, म्हणून विषय निघाला नव्हता.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. इथे रविवारचं जेवण होऊन मी पान लावत बसलो होतो. मागे दोऱ्या लावलेलं मैदान, टोप्या घातलेली माणसं, त्याच्या तोंडातून वाफ. लहान पोरासारखा हसत होता. फोन खाली नेऊन त्याने टायर दाखवला आणि अंगठ्याने दाबला. "बघ, एकदम टणक भरलाय. बरोबर ना रे?"

'हवा काढ.' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. जिभेवर होते. मी म्हटलं, "एकदम बरोबर. जा, फोड."

तिसऱ्या वळणावर सायकल घसरली आणि त्याचं उजव्या खांद्याचं हाड मोडलं, गळ्याजवळचं. दीड महिना हात झोळीत. पाच महिन्यांच्या सीझनचा मधला सगळा भाग त्याने दोरीपलीकडून टाळ्या वाजवत बघितला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण आधी बरं वाटलं. चार-पाच दिवस मी घरात शीळ घालत फिरत होतो, बायकोने विचारलंसुद्धा, प्रमोशन मिळालं का म्हणून.

शेवटच्या काही शर्यतींना तो परत उतरला. टायर मऊ करून. आणि चढणीवर सायकल खांद्यावर टाकून असा पळाला की तिथले लोक त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. नंबर काही आला नाही, पण तिथल्या गावच्या पेपरात फोटो आला, मग इथल्या पुरवणीत मुलाखत. "खांद्यावर सायकल घेऊन पळायला मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात शिकलो," असं त्यात होतं. माझं नाव नव्हतं. तो शपथेवर सांगायचा की त्याने घेतलं होतं, त्यांनी कापलं. त्याच मुलाखतीत पुढे होतं, "टायर टणक भरले ही माझी चूक. मुंबईची सवय." ते वाचून मी पेपर घडी करून गादीखाली ठेवला. पुढच्या सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला सोसायटीने त्याला शाल-श्रीफळ दिलं, आणि नारळाचं ताट धरून शेजारी कोण उभं? मी.

नंतर कितीतरी वर्षं मी वाट बघितली. आज विचारेल, उद्या विचारेल, पक्या, तुला माहीत होतं ना? एकाच खेळाचे एवढे व्हिडिओ बघणारा माणूस टायरबद्दल अडाणी कसा, हे काय त्याला कळत नव्हतं? शेवटचं भेटलो तेव्हा तो पार सुकून गेला होता आणि ते जुळलेलं हाड बनियनबाहेर टेंगळासारखं वर आलं होतं. माझी नजर तिथे गेलेली त्याने पकडली. म्हटलं, आता विचारतोय. तर म्हणतो कसा, "काय बघतोस? तुझ्या खांद्याला पण आहे, घट्टा." आणि हसला... मीही हसलो.

परवा त्याची बायको वर्षा सायकल घेऊन खालून आली. म्हणाली, "भावोजी, ही तुमच्याकडेच राहू दे, त्याने सांगून ठेवलंय." आणि सहज, माझं कौतुक म्हणून, एक गोष्ट सांगितली. त्या पहिल्या शर्यतीआधी तिथला घरमालक म्हातारा विन्याच्या मागे लागला होता, टायर फार टणक आहे, हवा कमी कर. विन्या ऐकेना. म्हणाला, थांबा, मुंबईत माझा मित्र आहे, त्याला या खेळातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्याला विचारतो. "तेव्हाच तुम्हाला फोन लावला होता त्याने. पडल्यावर तो म्हातारा चिडला, तर हा त्यालाच म्हणाला, मित्राला फोनमध्ये नीट दिसलं नसेल."

म्हणजे मला जे जन्मात जमलं नसतं, ते हा करून बसला होता, माफ. एवढी वर्षं, रोज जिन्यात भेटून, एक शब्द न बोलता. इथेही साला पुढे गेला. मेलेल्या माणसावर कोणी जळतं का? मी जळतो. आणि रडलोही, वर्षा गेल्यावर, भरपूर.

सायकल माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभी आहे. देण्याआधी वर्षाने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून दोन्ही टायर भरून आणले होते, बिचारीने. मी अंगठ्याने दाबून बघितला. दगडासारखा टणक. मग खाली बसलो, टोपण काढलं आणि हवा सोडायला लागलो, अंगठा आत जाईपर्यंत. पुढचा झाल्यावर मागचा.

"विन्या, हवा काढ रे," मी म्हटलं. मोठ्याने.