मंगळवारचा पेशंट

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एका माणसाबद्दल लिहायचं धाडस करतोय, त्याची आधीच माफी मागतो. पण "पेशंट मी हाय, ह्यो नुस्ता संगं आलाय," हे वाक्य तुम्ही कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या रांगेत ऐकलं असेल, तर आमचे मामा तुम्ही पाहिलेत.

मामा आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई. होस्टेलमधलं एखादं पोर जेवेनासं, बोलेनासं झालं, की मंगळवारी ते त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेत. तिथं कुणी ओळखीचं भेटेल, ही पोरांना धास्ती. म्हणून खिडकीवर केसपेपर मामा स्वतःच्याच नावानं काढत. पोराचं नाव आत गेल्यावर, फक्त डॉक्टरांना सांगत.

केसपेपरची ही युक्ती मला नंतर कळली. तेव्हा एवढंच दिसायचं, की कुरुंदवाडचा माझा रूममेट दर मंगळवारी मामांच्या मागं बसून डोक्याच्या डॉक्टरांकडे जातो आणि मिसळ खाऊन येतो. माझा जळफळाट व्हायचा. याच्या घरचं दुकान, याचा इस्त्रीचा शर्ट, आणि वर मामाही याचेच! मला तर त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती.

एका मंगळवारी रूममेटच्या आधीच मी कॅरिअर धरून उभा राहिलो. "मामा, माझं पण डोकं बिघडलंय."

"खरंच, का मिसळीसाठी?"

"खरंच," मी खोटं बोललो.

"मग बस की. पाय वर घे, चाकात जातील."

रांगेत नेमका आमच्या गावचा एक म्हातारा भेटला. "काय रं, तू हितं कशाला?"

मामांनी केसपेपर पुढे केला. "पावणं, पेशंट मी हाय. डोक्यात भुंगा शिरलाय माझ्या. ह्यो नुस्ता संगं आलाय."

म्हातारा चार पावलं मागं सरकला.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते? जेवण जातं? जगणं नकोसं वाटतं का कधी?" मी खोटी उत्तरं ठरवून गेलो होतो. त्यांची गरजच पडली नाही, मी रडायलाच लागलो. पहिल्या परीक्षेत नापास झाल्यापासून रोज रंकाळा तलावाच्या कठड्यावर मी कशासाठी जाऊन बसतो, ते त्या खुर्चीत मी पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं.

येताना मिसळ मिळाली. मामांनी आत काय झालं ते विचारलं नाही. "तिखट सोसतंय न्हवं?" एवढंच म्हणाले.

रूममेट तोवर बरा झाला होता; पुढं कितीतरी मंगळवार ते कॅरिअर माझं होतं. मग एक दिवस तिथं पहिल्या वर्षाचं नवं पोर बसलेलं दिसलं. मी बरा झालो होतो, तरी गॅलरीतून बघताना पुन्हा तोच जळफळाट झाला.

पुढं मला पेठ वडगावात नोकरी लागली, आणि मामांकडे जायचं राहूनच गेलं. परवा रूममेटचा फोन आला. मामा गेले. तो मातीला जाऊन आला होता. घरी ट्रंकेत केसपेपरांचा गठ्ठा निघाला, सगळे मामांच्या नावाचे. मामी कपाळाला हात लावून बसल्या होत्या, "एवढी वर्सं डोक्याचा आजार, आन् मला बोलले न्हाईत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळ्या भावकीसमोर सांगितलं. मामी, आजार त्यांचा न्हवता. ह्यातला पेशंट मी हाय."

हे सांगायलाही तो माझ्याआधी पोचला होता.